दोन श्वासांचा ताळा

माझ्या कामाचे नाव पहिल्यांदा घरी सांगितले तेव्हा अप्पा मनमुराद हसले होते. इंग्रजीत या विषयाला 'इमेज रजिस्ट्रेशन' म्हणतात. "म्हणजे चित्रांची नोंदणी? मग मुद्रांक शुल्क कोण भरतं?" असा त्यांचा प्रश्न होता. तीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवून निवृत्त झालेल्या गृहस्थाला मुलीचा व्यवसाय एका वाक्यात समजावून सांगणे सोपे नव्हते. मी म्हणाले, "एकाच माणसाच्या शरीराची दोन वेगवेगळ्या वेळी काढलेली चित्रं असतात. ती एकमेकांवर नीट बसवायची." त्यावर ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, "म्हणजे पाठतुलनाच की!"

ते मला तेव्हा केवळ कौतुक वाटले. पाठतुलना म्हणजे काय हे मात्र मला लहानपणापासून ठाऊक होते. आमच्या घरी एका अप्रसिद्ध आख्यानकाव्याच्या पाच पोथ्यांच्या छायाप्रती होत्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी एका पोथीतला मजकूर मी मोठ्याने वाचायचा आणि अप्पांनी दुसऱ्या पोथीवर बोट फिरवत ऐकायचे, असा नेम असे. मध्येच ते "थांब" म्हणत. त्यांचे बोट एखाद्या शब्दावर अडलेले असे आणि वहीत एक नोंद होई. त्या वहीत काय चालले आहे याची मला त्या वयात फारशी जिज्ञासा नव्हती. 'थांब' म्हटल्यावर पाणी प्यायला उठता येते, एवढाच त्या शब्दाचा माझ्यापुरता अर्थ होता.

पुढे अभियांत्रिकी शिकून मी वैद्यकीय प्रतिमांच्या संगणकीय विश्लेषणाकडे वळले. छातीच्या सीटी स्कॅनमध्ये श्वासामुळे जी हालचाल होते तिचा हिशेब लावणाऱ्या निरनिराळ्या पद्धतींची तुलना करणे हे अनेक वर्षे माझे काम होते. ही तुलना मी इतरांच्या फुप्फुसांवर केली तोवर ती आकडेमोड होती. २०१९च्या पावसाळ्यात अप्पांच्या उजव्या फुप्फुसाच्या खालच्या भागात एक लहानशी गाठ सापडली आणि माझ्या टेबलावरचा विषय घरात आला.

वय आणि हृदयाची अवस्था पाहता शस्त्रक्रिया नको, मोजक्या बैठकांमध्ये नेमकेपणाने रेडिएशन द्यावे, असे डॉक्टरांनी ठरवले. नेमकेपणा हा शब्द येथे महत्त्वाचा आहे आणि त्याच्या वाटेतला अडथळाही उघड आहे. माणूस श्वास घेतो. श्वास घेताना श्वासपटल खाली सरकते, फुप्फुस ताणले जाते आणि त्यातली गाठ त्याच्याबरोबर वर-खाली, थोडी पुढे-मागे हलते. फुप्फुसाच्या शेंड्याजवळची गाठ फारशी हलत नाही. तळाजवळची गाठ मात्र एका साध्या श्वासात सेंटिमीटरभर किंवा त्याहूनही अधिक हलू शकते. म्हणून अशा रुग्णाचा चतुर्मित सीटी काढतात. लांबी, रुंदी, खोली आणि चौथी मिती काळाची. रुग्णाच्या पोटावर एक खूण ठेवून तिच्या हालचालीवरून श्वासाचा आलेख टिपला जातो आणि बराच वेळ घेतलेली छायाचित्रे त्या आलेखानुसार वर्गवार लावून श्वासाच्या साधारण दहा अवस्थांची दहा त्रिमित चित्रे तयार केली जातात. एकच माणूस, दहा प्रती.

मग डॉक्टर एका प्रतीवर गाठीची सीमारेषा आखतात. उरलेल्या नऊ प्रतींत ती रेषा कोठे जाईल, हे संगणक सुचवू शकतो. प्रत्येक अवस्थेत कोणत्या पेशींना किती किरण मिळाले याची बेरीज करायची असेल, तर दहा प्रतींतला प्रत्येक बिंदू एका प्रतीवर आणून बसवावा लागतो. ही बेरीज बरोबर आहे की नाही, हे जुळवणी बरोबर आहे की नाही यावर अवलंबून असते. जुळवणी चुकली, तर हिशेबात गाठीला मिळालेले किरण प्रत्यक्षात शेजारच्या निरोगी भागाला मिळालेले असू शकतात.

रुग्णालयातून ती चित्रे मी मागून घेतली. उपचारात ढवळाढवळ करण्याचा माझा हेतू नव्हता. तेथील मंडळी आपले काम उत्तम जाणत होती. पण ज्या प्रश्नावर मी इतकी वर्षे अहवाल लिहिले, तो प्रश्न आपल्या बापाच्या छातीत असताना हात बांधून बसणे मला जमले नाही. पूर्ण श्वास घेतल्याची अवस्था आणि पूर्ण श्वास सोडल्याची अवस्था, या दोन टोकांच्या प्रती मी निवडल्या आणि चार पद्धती त्यांच्यावर चालवल्या.

पहिली पद्धत अगदी साधी. चित्र न वाकवता, न ताणता केवळ सरकवायचे आणि फिरवायचे. तीन दिशांचे सरकणे, तीन दिशांचे फिरणे, अशा सहा आकड्यांत सारे उत्तर मावते. डोक्याच्या कवटीसाठी ही पद्धत पुरते. छातीत ती पाठीचा कणा अचूक बसवते आणि फुप्फुसापाशी हात टेकते. तिचा उपयोग केवळ सुरुवात करण्यापुरता.

दुसरी पद्धत डॅनियल रूकर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये स्तनांच्या एमआरआय प्रतिमांसाठी मांडली. चित्रावर नियंत्रणबिंदूंची एक जाळी टाकलेली आहे अशी कल्पना करावी. एकेक बिंदू थोडा हलवला की त्याच्या आसपासचा भाग मऊ रबरासारखा त्याच्यामागून जातो. जाळी विरळ असेल तर बारीक हालचाली निसटतात. फार दाट केली तर चित्राला नको तेथे सुरकुत्या पडतात.

तिसरी पद्धत झाँ-फिलिप तिरिओं यांची, १९९८ सालची. तिचे नाव 'डीमन्स'. भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेल यांनी एका विचारप्रयोगात रेणूंची निवड करणारा एक राक्षस कल्पिला होता, त्यावरून हे नाव आले. येथे चित्रातल्या सीमारेषांवर असे राक्षस बसलेले असतात आणि ते प्रत्येक बिंदूला स्थानिक उजेड-अंधार पाहून या किंवा त्या बाजूला ढकलतात. ढकलाढकलीची प्रत्येक फेरी झाली की सारी हालचाल थोडी गुळगुळीत करून घ्यायची आणि पुन्हा ढकलायचे. गुळगुळीतपणा किती ठेवायचा, हे चालवणाऱ्याच्या हातात असते. या वाक्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण माझी चूक तेथे झाली.

चौथी पद्धत त्या काळी नवी होती. २०१८-१९च्या सुमारास 'व्हॉक्सेलमॉर्फ'सारखी मज्जाजाळी पुढे आली. आधीच्या पद्धती प्रत्येक जोडीसाठी नव्याने गणित सोडवतात. हे जाळे मात्र इतर अनेक रुग्णांच्या चित्रांवर शिकून तयार होते आणि मग नवी जोडी समोर आली की काही क्षणांत उत्तर देते. असंख्य पोथ्या डोळ्यांखालून गेलेला जाणकार नवी पोथी उघडताच तिचा काळ सांगतो, तसे काहीसे. अशा जाणकाराची चूकही तितक्याच क्षणात होते.

चारही पद्धतींची उत्तरे आल्यावर मी नेहमीचे केले. प्रत्येक पद्धतीने वाकवलेले चित्र मूळ चित्रातून वजा केले. दोन्ही सारखी असतील तर वजाबाकीत नुसता सपाट करडा रंग उरतो. जेथे फरक आहे तेथे काळ्या-पांढऱ्या कडा दिसतात. पहिल्या पद्धतीत फुप्फुसाचा तळ काळ्या-पांढऱ्या कडांनी भरलेला होता. दुसऱ्या आणि चौथ्या पद्धतींत कडा पुसट झाल्या होत्या. तिसरीत मी गुळगुळीतपणाची मात्रा कमी करत गेले, राक्षसांना अधिकाधिक मोकळीक देत गेले आणि रात्री केव्हातरी पडद्यावर स्वच्छ, सपाट करडा रंग आला. अप्पांच्या दोन श्वासांत काही फरक उरला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी ते चित्र त्यांना दाखवले. आजारी माणसाला काहीतरी चांगले दाखवावे, ही भावना त्यात होतीच. त्यांनी चष्मा लावून ते बराच वेळ पाहिले. मग विचारले, "आता दोन्ही सारखी दिसतायत, हे खरं. पण तू ती जुळवलीस, की एकीवरून दुसरीची नक्कल केलीस?"

मी म्हणाले, "म्हणजे?"

"म्हणजे असं बघ. माझ्या दोन पोथ्यांत फरक आहे. मी दुसऱ्या पोथीतली अक्षरं सुटी करून पहिलीच्या क्रमानं लावली, तर त्या सारख्या होतीलच. पण कुठली ओवी कुठल्या ओवीची, हे मला कळलं असं होईल का?"

मला उत्तर देता आले नाही. उत्तर ठाऊक नव्हते म्हणून नव्हे; ते फार चांगले ठाऊक होते. टॉर्स्टन रोल्फिंग या संशोधकाने २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लेखात नेमका हाच खेळ करून दाखवला होता. त्याने एक जुळवणीसाधन तयार केले आणि त्याला 'पूर्णतः निरुपयोगी जुळवणीसाधन' अशा अर्थाचे इंग्रजी नाव दिले. ते साधन दोन्ही चित्रांतले सारे बिंदू त्यांच्या उजळपणानुसार रांगेत लावते आणि क्रमाने जोड्या जुळवते. सर्वांत उजळ बिंदूची सर्वांत उजळ बिंदूशी, त्याखालच्याची त्याखालच्याशी. बिंदू शरीरात कोठे आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसते. या साधनाने बनवलेले चित्र मूळ चित्राशी इतके जुळते की साम्याच्या प्रचलित मापांवर ते प्रामाणिक पद्धतींनाही मागे टाकते. शारीरिक दृष्ट्या त्याचे उत्तर अर्थशून्य असते. साम्य हे जुळवणीच्या अचूकतेचे प्रमाण म्हणून वापरू नये, हा त्या लेखाचा निष्कर्ष होता. तो मी इतरांच्या अहवालांवर शेरा म्हणून अनेकदा लिहिला होता. स्वतःच्या बापाच्या चित्रापाशी मात्र तो विसरले, कारण मला ते चित्र स्वच्छ झालेले हवे होते.

मग ताळा कसा पाहायचा? या क्षेत्रात त्याचे एक जुने, कष्टाचे आणि आजही न टळलेले उत्तर आहे. फुप्फुसात रक्तवाहिन्यांना असंख्य फाटे फुटतात. जेथे एका वाहिनीच्या दोन होतात ती जागा श्वास घेतला तरी तीच राहते आणि सोडला तरी तीच. अशी एक जागा श्वास घेतलेल्या चित्रात शोधायची, मग श्वास सोडलेल्या चित्रात तीच जागा माणसाच्या डोळ्यांनी शोधायची आणि दोन्ही ठिकाणी खूण करायची. पद्धतीला या खुणा दाखवायच्या नाहीत. तिचे काम संपल्यावर, तिने पहिली खूण दुसरीपासून किती अंतरावर नेऊन ठेवली, ते मोजायचे. 'डिर-लॅब' या नावाने संशोधकांमध्ये परिचित असलेल्या संग्रहात चतुर्मित सीटीच्या दहा रुग्णांची चित्रे आणि प्रत्येकाच्या तीनशे खुणा सर्वांसाठी खुल्या आहेत. त्या खुणांमधले अंतर जुळवणीपूर्वी सरासरी सुमारे साडेआठ मिलिमीटर असते. चांगल्या पद्धती ते सुमारे एक मिलिमीटरवर आणतात. २०१० मध्ये 'एम्पायर-१०' या नावाने झालेल्या खुल्या स्पर्धेत फुप्फुसचित्रांच्या तीस जोड्या होत्या आणि परीक्षा चार प्रकारची होती: फुप्फुसाची सीमा जुळते का, त्याच्या खंडांमधल्या भेगा जुळतात का, खुणेचे बिंदू जुळतात का, आणि शरीर कोठे अशक्य रीतीने दुमडले तर नाही ना. चित्र किती सारखे दिसते, हा त्या चारांत नव्हता.

मी खुणा करायला बसले. तीन रात्री लागल्या. उजव्या फुप्फुसात साठ फाटे निश्चित केले. एकेका फाट्यासाठी काप मागे-पुढे करत, वाहिनी मुळापासून शोधत जावे लागते. शेजारची तशीच दिसणारी वाहिनी सतत फसवते. आठवड्याने त्यातल्या वीस खुणा मी न पाहता पुन्हा केल्या, तेव्हा माझे माझ्याशीच एकमत साधारण मिलिमीटरभराच्या आतबाहेर होते. या कामात मला अप्पांचे फुप्फुस पाठ झाले. इतक्या वर्षांत त्यांच्याकडे एवढ्या बारकाईने मी कधी पाहिले नव्हते, ही गोष्ट तिसऱ्या रात्री लक्षात आली आणि थोडा वेळ काम थांबवावे लागले.

निकाल माझ्या स्वच्छ चित्राच्या विरुद्ध गेला. वरच्या भागात सगळ्या लवचीक पद्धती ठीक होत्या. श्वासपटलाजवळ, म्हणजे गाठ होती त्याच शेजारात, माझ्या मोकाट सोडलेल्या डीमन्सने काही फाटे चक्क दुसऱ्याच वाहिनीवर नेऊन बसवले होते. कारण समजण्यासारखे आहे. वाहिनी बारीक आणि तिचे सरकणे तिच्या जाडीच्या कितीतरी पट. जवळच्याच उजेडाकडे पाहणाऱ्या पद्धतीला शेजारची वाहिनी अधिक जवळ पडते. ती तिलाच धरते आणि समाधानाने थांबते. शिवाय काही जागी घनफळाचे गणित ऋण येत होते. म्हणजे तेथे शरीर हातमोजा उलटा करावा तसे आतून बाहेर आले होते. वजाबाकीच्या चित्रात यातले काहीच दिसत नव्हते. दोष तिरिओंच्या पद्धतीचा नव्हता. गुळगुळीतपणाची योग्य मात्रा ठेवून, आधी चित्रे धूसर करून मोठी हालचाल पकडून मग बारकाव्यांकडे येत तीच पद्धत चालवली तेव्हा चित्रात कडा दिसू लागल्या आणि खुणांची अंतरे मात्र कमी झाली. अधिक अचूक उत्तर अधिक कुरूप दिसत होते.

जाळीच्या पद्धतीने फुप्फुसाच्या आत उत्तम काम केले. पण तिने बरगड्याही थोड्या खाली ओढल्या. फुप्फुस बरगड्यांना चिकटलेले नसते. दोहोंमध्ये फुप्फुसावरणाचे दोन ओलसर पदर असतात आणि त्यांच्यामुळे फुप्फुस बरगड्यांच्या आतून घसरते. सगळीकडे सारखाच गुळगुळीतपणा लादणाऱ्या पद्धतीला हे घसरणे मान्य नसते. शेजारचे दोन बिंदू वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात, हे तिला निराळे शिकवावे लागते. फुप्फुस आणि छातीची भिंत आधी वेगळी करून द्यावी लागते. मज्जाजाळ्याने क्षणात उत्तर दिले, वरचा अर्धा भाग सुरेख बसवला आणि तळाशी मोठ्या हालचाली सातत्याने लहान धरल्या. पुढच्या वर्षांत जाळ्याचे उत्तर केवळ आरंभ मानून त्या विशिष्ट जोडीवर पुन्हा बारीक दुरुस्ती करण्याची रीत रूढ होत गेली. तिचे कारण हेच.

आणखी एक अडचण चारही पद्धतींना समान होती. सीटीमधला उजळपणा गॉडफ्री हाउन्सफील्ड यांच्या नावाच्या मापात मोजतात. त्यात पाणी शून्य आणि हवा उणे एक हजार. श्वास सोडला की फुप्फुसातली हवा कमी होते आणि तीच पेशीजाल दाट, म्हणून अधिक उजळ दिसते. म्हणजे जुळणारे बिंदू मुळात सारखे दिसतच नाहीत. त्यांना सारखे दिसायला लावणे हीच चूक आहे. जागा बदलली, हवा गेली, पण त्या तुकड्याचे वस्तुमान जवळपास तेच राहिले, असे गृहीत धरून घनतेचा फरक हिशेबात घेणाऱ्या पद्धती आहेत. त्यांना दोन बिंदूंचे रूप वेगळे असूनही ते एकच आहेत, हे ओळखता येते.

हे सारे मी अप्पांना एका संध्याकाळी सांगितले, तेव्हा ते उठून बसले. शेजारची वाहिनी धरण्याच्या चुकीने त्यांना विशेष आनंद झाला. "अगं, हे तर नकलकाराचं नेहमीचं," ते म्हणाले. "एक शब्द चार ओळींच्या अंतरानं दोनदा आलेला असतो. नकलून झालं की नजर पुन्हा पोथीकडे जाते ती दुसऱ्या ठिकाणच्या शब्दावर पडते. मधल्या चार ओळी गेल्या. आणि गंमत म्हणजे वाचताना काही तुटलंय असं वाटतही नाही." घनतेच्या फरकावर ते म्हणाले की ऱ्हस्व-दीर्घ बदललेला शब्द ज्याला तोच शब्द वाटत नाही, त्याने पोथ्या हातात धरू नयेत. अधिक गुळगुळीत उत्तर अधिक चुकीचे निघाले, याचे त्यांना मुळीच आश्चर्य वाटले नाही. दोन पाठांपैकी अवघड पाठ मूळचा असण्याची शक्यता अधिक, कारण नकलकार अवघडाचे सोपे करतो, सोप्याचे अवघड सहसा करत नाही, हे तत्त्व त्यांनी आम्हा भावंडांनाही ऐकवले होते.

मग त्यांनी दुसरा प्रश्न विचारला. "साठ खुणा केल्यास. ज्या जागा तुला ओळखता आल्या नाहीत, त्यांचं काय केलंस?"

मी सांगितले की त्या सोडून दिल्या. ज्या फाट्याची खात्री पटत नाही त्यावर खूण करायची नाही, असा नियमच आहे.

"ते बरोबर. पण मग तुझी परीक्षा फक्त स्पष्ट जागांची झाली. अस्पष्ट जागी तुझ्या पद्धतीनं काय केलं?"

तिने तेथेही उत्तर दिले होते. प्रत्येक पद्धत प्रत्येक बिंदूला उत्तर देते. जेथे वाहिन्या नाहीत, सीमा नाहीत, नुसती एकसारखी धूसरता आहे, तेथे शेजारच्या बिंदूंवरून अंदाज बांधून देते. अंदाज आणि शोध यांचा रंग चित्रात एकच असतो. अप्पांच्या श्वासाला मधूनमधून खोकल्याने खीळ बसत असे, त्यामुळे श्वासपटलाची कड एका ठिकाणी पायऱ्या पडल्यासारखी तुटक आली होती. तेथे तर मूळ प्रतच भ्रष्ट होती, आणि तरीही चारही पद्धतींनी तेथे निःशंकपणे बाण काढले होते.

अप्पांनी कपाटातून महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचा एक खंड काढायला लावला. भांडारकर संस्थेने १९१९ मध्ये हाती घेतलेले आणि १९६६ मध्ये पूर्ण केलेले ते काम. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्याची पद्धत घालून दिली. अप्पांनी एक पान उघडून एका चरणाखाली बोट ठेवले. त्या शब्दांखाली बारीक नागमोडी रेघ छापलेली होती. "पाठ दिलाय. पण खात्री नाही, हेही दिलंय. हजारो हस्तलिखितांची पानं तपासणारे लोक होते हे. त्यांना अशी रेघ छापायची लाज वाटली नाही."

रेडिएशनची बैठक ठरली तेव्हा मी डॉक्टरांना माझ्या खटाटोपाविषयी थोडे संकोचानेच सांगितले. त्यांनी शांतपणे ऐकून आपला आराखडा दाखवला. दहाही अवस्थांमधली गाठ त्यांनी एकेक करून डोळ्यांनी तपासली होती. संगणकाने सुचवलेली रेषा जेथे पटली नाही तेथे ती हाताने बदलली होती. त्या दहा जागांना एकत्र कवेत घेणारी एक सीमा आखली होती आणि तिच्याभोवती आणखी काही मिलिमीटरची मोकळी पट्टी सोडली होती. ही पट्टी कशासाठी, हे मला अनेक वर्षांपासून माहीत होते. रोजच्या झोपण्यातला फरक, श्वासाचा लहरीपणा, आखणाऱ्या हाताची चूक, जुळवणीची चूक, या साऱ्यांसाठी ती असते. पण त्या दिवशी मी तिच्याकडे निराळ्या नजरेने पाहिले. ती त्या गाठीभोवतीची नागमोडी रेघ होती. तिच्यात निरोगी पेशींचीही किंमत मोजलेली असते. अनिश्चितता मान्य करणे फुकट नसते. ती नाकारली असती तर किंमत वाढली असती.

उपचार नीट पार पडले. गाठ आक्रसली आणि तशीच राहिली. माझ्या चार पद्धतींचा त्यात काही वाटा नव्हता. अप्पा पुढे तीन वर्षे होते आणि गेले ते हृदयाच्या दुखण्याने.

त्यानंतर माझ्या कामात एक बदल झाला, तो येथे नोंदवते. पद्धतींची तुलना करताना आता मी सरासरी अंतराच्या आकड्याशेजारी आणखी एक चित्र मागते: या पद्धतीचे उत्तर कोठे कोठे डळमळीत आहे, त्याचा नकाशा. सुरुवात थोडी बदलून तीच पद्धत पुन्हा पुन्हा चालवली की कोणते बिंदू जागेवर राहतात आणि कोणते भटकतात ते दिसते. निदान तेवढे तरी. तरुण सहकारी कुरकुरतात, कारण अशा नकाशाने त्यांचे सुंदर चित्र डागाळते. मी त्यांना महाभारताचे ते पान दाखवत नाही. खुणा हाताने करायला बसवते. तीन रात्रींनंतर फारसे सांगावे लागत नाही.

अप्पांची पाठभेदांची वही आता माझ्याकडे आहे. काम अपुरे राहिले. पाच पोथ्यांचे पाच रकाने, आणि सहावा त्यांनी ठरवलेल्या पाठाचा. शेवटच्या लिहिलेल्या पानावर एका ओवीच्या पाठाखाली शिसपेन्सिलीची नागमोडी रेघ आहे. मी त्या पाचही पोथ्या त्या जागी पुन्हा वाचून पाहिल्या, या वेळी एकटीनेच, बोट ठेवून. रेघ खोडण्याइतका पुरावा मला सापडला नाही. ती तशीच ठेवली आहे.